दहा पावलं मागे

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज 'हो' म्हणून बसले. घरी येऊन दोन तास झाले, पुदिन्याच्या चहाचे तीन पेले झाले, तरी हात गारच आहेत.

सी लारबींनी मधल्या सुट्टीत खोलीत बोलावलं. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक होऊन त्यांना चारच महिने झालेत. स्वतः जन्मांध. दारात कोण आलंय हे पावलांवरून ओळखतात आणि समोरच्याला बसायलाही न सांगता मुद्द्यावर येतात.

"बतूलच्या आईला तांजेर रस्त्यावरच्या शिवणकामाच्या कारखान्यात काम मिळालंय. बारा मार्चपासून. कारखान्याची बस सकाळी साडेसहाला निघते. दुपारी ती पोरीला न्यायला येईल, पण सकाळी शाळेत आणणार कोण?"

"वडील?" मी विचारलं.

"ते स्पेनमध्ये टोमॅटोच्या मळ्यात. ईदला येतात. आणणारं कोणी नसेल तर तिची मावशी तिला डोंगरातल्या गावी घेऊन जाणार. तिकडे आंधळ्यांची शाळा नाही. गेली की गेली. तेव्हा तुम्ही तिला एकटीनं यायला शिकवा, उस्तादा नझीहा. पाच आठवडे आहेत."

मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण सुचलं नाही आणि खरं कारण सांगायचं नव्हतं.

इथे सांगायला हरकत नाही, ही वही माझा नवराही उघडत नाही. आंधळ्या मुलांना शिकवते त्याला सोळा वर्षं झाली. ब्रेल शिकवते, गणित शिकवते, पांढरी काठी धरायला शिकवते. पण गेल्या दोन वर्षांत माझं एकही मूल रस्त्यावर एकटं गेलेलं नाही. प्रत्येकाच्या कागदावर मी एकच शेरा मारते, 'अजून सराव हवा.' मुनीरच्या वेळेपासून हे असं आहे.

शाळेसमोर नळासाठी चर खणला होता. तेरा वर्षांचा मुनीर काठी टेकत येत होता आणि मी शाळेच्या दारातून बघत होते. तो चराच्या कडेशी आला तशी मी ओरडले, "मुनीर, सांभाळ!" त्यानं माझ्याकडे तोंड फिरवलं आणि पाय आत गेला. दोन ठिकाणी मोडला. आता तो बहिणीचा हात धरून फिरतो, काठीला शिवत नाही. एक क्षण आधी ओरडले असते तर वाचला असता, हे मी दोन वर्षं रोज स्वतःला सांगते.

बुधवार, ७ फेब्रुवारी

आज बतूलच्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता नीट पाहिला. बतूल अकरा वर्षांची. उजेड आणि सावली एवढंच तिला कळतं, पण जिभेला हाड नाही. आई खदूजही बरोबर होती.

जन्म या तेतुआनच्या जुन्या शहरात गेला, पण आज प्रत्येक वळण अंगावर येत होतं. गल्ल्या अरुंद, हातगाड्या, मोटारसायकली, पाणी सांडलेल्या फरशा. मी मनाशी खुणा ठरवल्या. घरातून उतार उतरला की पावाच्या भट्टीचा वास येतो, तिथे उजवीकडे. मग पत्रेवाल्या अय्यादची ठोकाठोक. ती मागे पडली की छत घातलेला बोळ, आणि बोळ संपताच स्फेंजवाल्याची कढई, पिठाच्या तळलेल्या गोल कड्यांचा वास आणि तेलाची चर्र. तिथे डावीकडे. पुढे कॉफीखाना, तिथले म्हातारे डोमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटत असतात. त्या ऐकू आल्या की शहराचा दरवाजा, दरवाज्याबाहेर मोठा रस्ता, रस्त्यापलीकडे शाळा. एकूण पंधरा मिनिटं. नाक आणि कान उघडे ठेवले तर इतका सोपा रस्ता दुसरा नाही. भिंतींना हात लावायचा नाही असं मी तिला बजावलं, कारण ओल असते आणि खिळे असतात.

"आणि काठी?" बतूलनं विचारलं.

"काठी पुढे राहू दे. पण भरवसा कानांवर."

थोडं चालल्यावर ती म्हणाली, "उस्तादा, बाजारात कोंबडी नेतात तसं तुम्ही मला धरलंय."

खदूज तोंडावर ओढणी धरून हसली. खरं तर मुलानं शिक्षकाचं कोपर धरायचं असतं, शिक्षकानं मुलाचा दंड आवळायचा नसतो. हे मी दर वर्षी नव्या शिक्षकांना शिकवते.

बुधवार, १४ फेब्रुवारी

आज ती पत्रेवाल्यापर्यंत हात सोडून चालली. मी शेजारीच होते, माझा हात तिच्या पाठीपासून चार बोटांवर. तेवढ्यात एक हातगाडीवाला "बालाक! बालाक!" ओरडत उतारावरून सुटला. तिनं भिंतीला पाठ लावली, गाडी जाऊ दिली आणि निघाली पुढे. मला मात्र बोळ ओलांडताच स्फेंजवाल्याच्या बाकावर मटकन बसावं लागलं. त्यानं पाणी आणून दिलं.

"लल्ला, बाईसाहेब, शिकतंय कोण?" तो म्हणाला. "ती का तुम्ही?"

बतूलला त्यानं एक गरम कडी ताडाच्या पातीला बांधून दिली. मला नाही दिली.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा तिला घरून एकटी निघायला लावलं. अर्थात एकटी असं तिला वाटलं. मी मागून दहा पावलांवर होते. मुद्दाम रबरी तळव्याचे बूट घातले, अत्तर लावलं नाही, किल्ल्या घरी ठेवल्या. आमच्या कामात हे करावंच लागतं, मुलाला कळू न देता मागे राहायचं.

चालली, पण फार अडखळत. भट्टीपाशी थांबली. पत्रेवाल्यापाशी थांबली. बोळाच्या तोंडाशी तर मान तिरपी करून कितीतरी वेळ उभी. मी मोजलं, अकरा वेळा थांबली. दर वेळी माझ्या तोंडात तिचं नाव आलं आणि मी ते गिळलं. मोठ्या रस्त्यावर मी धावत पुढे गेले आणि आत्ताच शाळेतून आल्याचं सोंग करून तिचा हात धरला.

"कुठे होतात, उस्तादा?"

"शाळेतच. वाट बघत होते तुझी."

"अच्छा," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "तुम्हाला दम लागलाय."

म्हटलं, जिने चढले.

सोमवार, २६ फेब्रुवारी

पुन्हा तसंच, नऊ वेळा थांबली. पत्रेवाल्यापुढे माझ्या बुटाची नाडी सुटली म्हणून मी वाकले. मान वर करते तर ती त्याच जागी खिळलेली. मी नाडी बांधून उठले तेव्हा कुठे ती निघाली. पत्र्याच्या ठोक्यांनी ती गोंधळते हे उघड आहे. सरावाच्या वहीत लिहून ठेवलंय: 'आवाजात दिशा हरवते. अजून पंधरा दिवस सराव.'

पंधरा दिवस आहेत कुठे.

जवादला सांगितलं. माझा नवरा टपाल कचेरीत आहे आणि सगळ्या गोष्टी वेळेवर पोचतील अशी त्याची श्रद्धा असते. तो म्हणाला, "तू तिच्या पडण्याची तयारी करतेयस, चालण्याची नाही." मला राग आला. तो जेवून झोपला आणि मी डोळे मिटले की चर दिसत होता.

शुक्रवार, १ मार्च

सी लारबींशी वाजलं. मी त्यांना सरावाची वही वाचून दाखवली, कुठे किती वेळा थांबली, कुठे किती वेळ. म्हटलं, ही तयार नाही. एखादी बाई ठेवा सकाळी आणायला, वर्गणी काढू.

ते म्हणाले, "आणि ती बाई आजारी पडली की? मग? बरं, ते राहू दे. ती थांबते तेव्हा तुम्ही काय करत असता?"

"मी काय करणार? मागे असते. कधी थांबते, कधी चालते."

"हं." बराच वेळ ते टेबलावर बोटं वाजवत राहिले. "आणि मुनीर? तुम्ही हाक मारलीत तेव्हा तो काय करत होता?"

मी म्हटलं, पडत होता, आणखी काय करणार. आवाज चढला माझा. ते दोन वर्षांपूर्वी इथे नव्हते, त्यांना काय माहीत? पर्स उचलली आणि सरळ घरी आले. कुस्कुसवर भाज्या रचतानाही मनातल्या मनात भांडत होते.

दुपारी नणंद आली. रमजान दहा-बारा दिवसांवर आलाय म्हणून आम्ही दोघींनी सल्लूच्या मिठाईसाठी तीळ आणि पीठ भाजलं. बदाम मी करपवले. लक्ष कुठे होतं?

बुधवार, ६ मार्च

मावशी आली आहे. नाव रहमा. गोंड्यांची मोठी गवती टोपी, कमरेला लाल पट्ट्यांचं कापड, आणि बरोबर टोपलीभर ताजं चीज. मी तिला दुष्ट ठरवूनच गेले होते, पण ती तशी नाही.

"लल्ला, आम्ही काय तिला विहिरीत ढकलणार आहोत का?" ती म्हणाली. "उन्हात बसेल, लोकर विंचरेल, शेळ्यांची दुधं काढायला शिकेल. पोटभर खाईल. इथे या मोटारींच्या तोंडी कशाला द्यायची पोर?"

"मला नाही यायचं," बतूल म्हणाली.

"तुला कोण विचारतंय, चिमणे?"

"तेच तर म्हणतेय. कोणीच विचारत नाही."

खदूज कणीक मळत होती. तिनं हात थांबवले नाहीत. मला म्हणाली, "लल्ला नझीहा, कारखाना सोडला तर पुन्हा मिळणार नाही. मी पण काही ठरवत नाही. तुम्ही 'येते एकटी' असं सांगा, राहील. 'नाही येत' सांगा, मंगळवारी बहिणीबरोबर जाईल. तुमच्या शब्दावर सोडलंय."

माझ्या शब्दावर! मला तर स्वतःच्या सावलीचीही खात्री वाटेनाशी झाली आहे. कणकेकडे बघत "इन्शाअल्ला" म्हणाले आणि उठले. बतूलला बरोबर कळलं असणार की ते इन्शाअल्ला 'नाही'चं होतं.

रविवार, १० मार्च

पाचावर धारण बसली आहे. नीट लिहायला जमेल की नाही माहीत नाही.

सकाळी घड्याळं तासभर मागे घेतली, रमजानसाठी घेतात तशी. मी खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ काढत होते. जवाद चहा पीत म्हणाला, "आज जाऊन स्फेंज खाऊन घे. चंद्र दिसला तर परवापासून महिनाभर सकाळी कढई बंद."

मी घड्याळ हातात घेऊन खुर्चीवर तशीच उभी राहिले.

कढई बंद. कॉफीखाना बंद. संध्याकाळपर्यंत डोमिनोची एक सोंगटी आपटणार नाही. भट्टी दुपारनंतर पेटते. अय्याद पत्रेवाला रमजानात अकराच्या आत दुकान उघडत नाही, पहाटेचं जेवून परत झोपतो, सगळं गावच झोपतं. नऊ वाजता त्या गल्ल्यांत चिटपाखरू नसतं. पाच आठवडे मी त्या पोरीला वासानं आणि आवाजानं चालवलं आणि नेमकं ज्या दिवशी ती एकटी निघणार त्याच दिवशी त्यातला एकही वास, एकही आवाज जागेवर नसणार.

बेचाळीस रमजान मी याच गावात पाहिलेत. दहा दिवसांपूर्वी स्वतःच्या हातानं सल्लूचे तीळ भाजले. आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. कुणाला सांगितलं तर हसेल, पण मला हसू येत नाही. बोळाच्या तोंडाशी उभी असलेली बतूल दिसते, डावीकडे वळायची खूण शोधतेय आणि खूण नाही. मग ती कुठेतरी वळणार. डावीकडे दरवाजा आहे, सरळ गेलं तर पायऱ्या, बावीस, कठडा नसलेल्या.

सी लारबींना फोन केला. सगळं सांगितलं.

"लल्ला," ते म्हणाले, "तुम्ही तिला दुकानांवरून चालवताय हे मला माहीतच नव्हतं. मी भिंतींवरून चालतो. भिंती रोजा धरत नाहीत."

"भिंतींना हात लावू नको असं मी सांगितलंय तिला."

"का?"

ओल असते म्हणून, असं सांगताना माझी मलाच लाज वाटली. भिंतीला हात लावून शिकायचं तर मूल एकटं सोडावं लागतं, हळूहळू, रोज, आणि ते मला नको होतं. दुकानांची यादी पाठ करून घेणं माझ्या भीतीला सोयीचं होतं.

उद्याचा एकच दिवस आहे. उद्या पहाटे, दुकानं उघडायच्या आत, तिला घेऊन निघणार. एका फेरीत भिंती शिकवणार. जमलं नाही तर मीच खदूजला 'नाही' सांगेन.

सोमवार, ११ मार्च

साडेसहाला बतूलच्या दारात होते. गल्ली रिकामी, उद्या नऊला असेल तशीच. म्हटलं, "बिन्ती, पोरी, आज नवीन शिकायचंय. डावा हात भिंतीवर ठेव."

"भट्टीच्या कोपऱ्याला दगडी खांब आहे, तो का?" ती म्हणाली.

तिचा हात भिंतीकडे न्यायला मी धरला होता, तो सोडला.

"तिथून पायाखाली मधोमध पाण्याची पन्हळ लागते. ती अय्यादच्या दुकानाशी फुटलीय. मग बोळ. बोळात काठीचा आवाज जवळ येतो, बाहेर पडलं की उडून जातो. तिथून चार पावलांवर फरशी बदलते, तिथे डावीकडे. सरळ गेलं तर पायऱ्या. मला माहितीय."

"हे कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही. पाय आहेत ना मला."

"मग त्या दुकानांवर कान ठेवून..."

"तुम्ही सांगितलंत म्हणून हो म्हणत होते." तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "कान मला तुमच्यासाठी लागायचे."

मला कळलं नाही. म्हटलं, म्हणजे?

"तुम्ही मागे असायचात ना. रबराचे बूट, डावा पाय जरा घासतो तुमचा. गर्दीत ऐकू येईनासे व्हायचात. मग मी थांबायची. एकदा तर तुम्ही अय्यादपाशी कितीतरी वेळ अडकलात. मला वाटलं बरं वाटत नाहीये तुम्हाला. उस्तादा, तुम्हाला मागे टाकून कशी जाणार?"

अकरा वेळा. नऊ वेळा. वहीत लिहिलंय माझ्या अक्षरात, वेळेसकट. बोलत बोलत आम्ही भट्टीपुढे आलो होतो; मी तिथेच पन्हळीच्या काठावर उकिडवी बसले. ती शेजारी उभी राहिली. इतकी घाबरलेली मी यापूर्वी नव्हते, मुनीरच्या दिवशीसुद्धा नाही, कारण आता माझ्याकडे एकही सबब उरली नव्हती.

मग ती म्हणाली, "उद्या नका येऊ."

"मोठा रस्ता आहे, बतूल."

"म्हणूनच. रस्त्यावर मला पूर्ण कान पाहिजेत. तुम्ही मागे असलात की निम्मे मागे राहतात."

घरी खदूज दारात उभी होती, मावशी तिच्या मागे गाठोडं बांधत. खदूजनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "येते एकटी." आवाज माझाच होता, पण बोलले कशी कुणास ठाऊक.

रहमा मावशीनं गाठोड्याची गाठ सोडली नाही. "दुपारची बस आहे माझी," ती म्हणाली. "मी उद्या तिला दारातून सोडीन. पोचली तर पोचली. नाही पोचली तर पोर माझ्याबरोबर येईल, आणि मग तुम्ही कोणी मध्ये पडायचं नाही."

आत्ता तोफ वाजली. चंद्र दिसला.

मंगळवार, १२ मार्च. रमजानचा पहिला दिवस

शाळेच्या कचेरीत बसून लिहितेय. हातांना काम नसलं तर उठून पळेन.

सगळं खरं लिहायचं ठरवलंय. पावणेनऊला मी भट्टीच्या कोपऱ्यावर होते. रबरी बूट नाहीत, पायांत नुसते मोजे, बूट हातात. डावा पाय घासणार नाही असं चालून पाहिलं. कोणी बघितलं असतं तर पहिल्याच रोज्याला डोकं फिरलं म्हणालं असतं. ती दारातून निघायला पंधरा मिनिटं होती. एकही आवाज नव्हता. कुठेतरी एक नळ गळत होता तोही ऐकू येत होता. आणि त्या शांततेत मला सी लारबींचा प्रश्न आठवला, हाक मारलीत तेव्हा तो काय करत होता.

मुनीर पडत नव्हता. मुनीर थांबला होता. काठी चराच्या कडेवर टेकलेली होती, कड त्याला सापडली होती, तो वळसा घ्यायला डावीकडे सरकत होता. मग मी

यापुढे लिहवत नाही. बूट घातले आणि मागे वळून शाळेत आले.

९.०४. मावशीचा फोन. "निघाली." एवढंच, आणि ठेवला.

९.१०. भट्टी मागे पडली असेल. सी लारबी समोर बसलेत, हातात जपमाळ. काही बोलत नाहीत. मी विचारलं, तुम्ही पहिल्यांदा एकटे निघालात तेव्हा आई घाबरली होती का? म्हणाले, "तिनं मला सांगितलं नाही. आज विचारायला ती नाही."

९.१५. बोळ. डावीकडे. डावीकडे वळ, पोरी.

९.१९. आता शहराच्या दरवाज्यात दिसायला हवी. खिडकीतून मोठा रस्ता दिसतो. गाड्या कमी आहेत, पण आहेत त्या सुसाट. चहाकॉफीवाचून जागे झालेले लोक, डोळ्यांत झोप. दरवाज्यातून कोणी आलं नाही.

९.२४. नाही.

९.२८. सी लारबींचा गुडघा हलतोय. जपमाळ स्थिर आहे आणि गुडघा हलतोय. म्हणजे तेही घाबरलेत. मला धीर यायला हवा होता, उलट उरलासुरलाही गेला.

९.३०. शाळेची घंटा झाली. बाकीची मुलं वर्गात. मी उठले. सी लारबी म्हणाले, "बसा." मी म्हटलं, पायऱ्या आहेत तिथे, बावीस. ते म्हणाले, "तिला माहीत आहेत. तुम्हीच सांगितलंत काल. बसा, लल्ला." मी बसले नाही, पण दाराबाहेरही गेले नाही. खिडकीची चौकट धरून उभी आहे आणि खिडकीच्या कट्ट्यावरच वही ठेवून लिहितेय.

९.३६. मावशीचा फोन. उचलला नाही.

९.४१. दरवाज्यात एक काठी दिसली, मग ती. रस्त्याच्या कडेला थांबली. मान तिरपी नाही, सरळ. उजवीकडून भाजीची तीनचाकी येत होती, आवाज न करता, उतारावर इंजिन बंद करून. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. वही खाली पडली. तिनं एक पाय पुढे टाकला होता, तो मागे घेतला. तीनचाकी गेली. तिनं आणखी थोडं ऐकलं आणि रस्ता ओलांडला.

(नंतर.)

ती आत आली तेव्हा मी ओरडलेच. आता ओरडायला हरकत नव्हती.

"कुठे होतीस? अर्धा तास! रस्ता चुकलीस ना? पडलीस? बोल!"

"नाही चुकले," ती म्हणाली. "बोळाअलीकडे माग ऐकू आला."

"काय?"

"माग. विणायचा. खटक खटक. रोज अय्याद ठोकत असतो, ऐकूच येत नव्हता. आज ऐकू आला म्हणून आत गेले. एक बाबा आहेत, सी तैयब. त्यांनी धागे हातात दिले. चारशे धागे, उस्तादा, आणि एकही एकमेकांत अडकत नाही. मग उशीर झाला हे कळलं."

मला तिच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि तिला कवटाळावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. सी लारबी मोठ्यानं हसले आणि मग खिशातून रुमाल काढून बराच वेळ नाक शिंकरत बसले.

मावशीला फोन केला. "पोचली."

"इतका वेळ?"

"वाटेत थांबली होती."

"पडली का?"

"नाही. माग बघत होती."

पलीकडे गाठोड्याची गाठ सोडल्याची खसखस आली. मग म्हणाली, "बघत म्हणे. आईवर गेलीय. खदूज पण अशीच कुठेही उभी राहायची. गाठोड्यातलं चीज काढून ठेवते, रोजा सोडायला होईल." आणि फोन ठेवला.

मग हजेरीपत्रक उघडलं. बतूल सहा वर्षं या शाळेत आहे आणि तिच्या नावापुढे उशिराचे शेरे कितीतरी आहेत. कारणाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात: आईला ताप. आईला काम. आईबरोबर दवाखान्यात. आज मी 'उशिरा' लिहिलं आणि पुढच्या रकान्यात तिचं पहिलं स्वतःचं कारण: 'माग ऐकत उभी राहिली.' ओळ रकान्यात मावली नाही, बाहेर गेली.